८५ लाखांचं घर, की ३१ लाखांचं?

*ताई, नमस्कार. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली. विहितगावात, वालदेवीपासून हाकेच्या अंतरावर आमचं रो-हाऊस आहे. कार्पेट (भिंतींच्या आतली जागा) ११०० चौरस फूट, भिंतींसकट बांधकाम (बिल्ट-अप) साधारण १३०० फूट. घरावर मुलाच्या नावे कर्ज आहे, सहा वर्षं बाकी. मुलगी टेक्सासला असते. तिथं घराचा विमा फार महाग झाला म्हणून तिनं राज्यातल्या कंपन्यांचे दर शेजारी शेजारी मांडले आणि कंपनी बदलली. आता माझ्या मागे लागली आहे, “बाबा, महाराष्ट्रात सगळ्यात स्वस्त आणि चांगली कंपनी कोणती ते शोधा.” मी तीन कोटेशन आणली. बँकेचं: ८५ लाखांचा विमा, वर्षाला ५,०१५ रुपये. ओळखीच्या एजंटचं, सरकारी कंपनी: २० लाख, वर्षाला १,०६२ रुपये. तिसरं ऑनलाइन, खासगी कंपनी: ३० लाख, तीन वर्षांचे मिळून ४,२४८ रुपये. मला एजंटचं स्वस्त वाटतं, मुलगा म्हणतो बँकेचंच घ्या. २०१९ ला पाणी पायरीला लागून गेलं. गल्लीत दोन घरफोड्याही झाल्या. सिंहस्थात वरच्या दोन खोल्या भाविकांना द्याव्यात असंही मनात आहे. काय करू? — एक वाचक, नाशिकरोड*

काका, नमस्कार.

पत्रासोबत जोडलेला तुमचा कागद पाहून बरं वाटलं. तीन रकाने, पट्टीने मारलेल्या रेघा, हप्ता जीएसटीसकट, मुदत वेगळी लिहिलेली. इतकी नीट मांडणी मला क्वचितच येते. आयुष्यभर कागदावरची बारीक छपाई तपासलेली असल्यावर दुसरं काय होणार! तरी एक रकाना तुमच्या नजरेतून सुटला. तिन्ही कोटेशन एकाच घराची असली तरी त्यांतलं घर एक नाही. बँकेने ८५ लाखांचं घर धरलं आहे, एजंटने २० लाखांचं, ऑनलाइनवाल्यांनी ३० लाखांचं. दर जुळवायचे तर आधी वस्तू तरी एक हवी ना? अडीच किलोची पिशवी आणि पाव किलोची पुडी शेजारी ठेवून पुडी स्वस्त म्हणण्यासारखं झालं हे.

आधी लेकीच्या मुद्द्याकडे येते, कारण तिचं चुकलेलं नाही. ती जिथे राहते तिथली तऱ्हा वेगळी आहे, एवढंच. अमेरिकेत विम्याचं नियमन प्रत्येक राज्य आपापलं करतं. टेक्सासचं स्वतःचं विमा खातं आहे, आणि तिथल्या लोकांना कंपन्यांचे दर ताडून पाहता यावेत म्हणून सरकारी संकेतस्थळही आहे. गारपीट आणि वादळं यांनी तिथले हप्ते हजारो डॉलरांवर गेले आहेत, त्यामुळे कंपनी बदलली की खरोखर मोठी रक्कम वाचते. आपल्याकडे नाशिक असो की नागपूर, वर एकच नियामक, हैदराबादचं विमा नियामक प्राधिकरण, म्हणजे इर्डा. महाराष्ट्रासाठी वेगळी दरयादी नसते. आगीच्या विम्याचे (घराचा विमा त्यातच येतो) ठरवून दिलेले दर २००७ पासून गेले. तेव्हापासून कंपन्या आपला दर आपण ठरवतात. तुम्हाला तीन वेगळे आकडे दिसले त्याचं एक कारण हे.

आकडे वेगळे असले तरी माल मात्र बराचसा एकच आहे. १ एप्रिल २०२१ पासून घराच्या विम्यासाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची ठरावीक पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ठेवावीच लागते. तिच्या अटींची भाषा सगळीकडे सारखी. सरकारी घ्या, खासगी घ्या, आत तेच लिहिलेलं असतं. म्हणून माझी पहिली विनंती ही, की तिन्ही कोटेशनवर पॉलिसीचं नाव शोधा. ‘भारत गृह रक्षा’ असेल तर निम्मं काम झालं. दुसरंच काही चकचकीत नाव असेल, तर ती कंपनीची स्वतःची पॉलिसी. वाईट असेलच असं नाही, पण मग प्रत्येक ओळ वाचावी लागेल, आणि तुलना इथेच थांबेल.

आता ८५ लाखांचं काय? तुमच्या मुलाच्या आग्रहातलं कोडं इथेच आहे. ८५ लाख ही तुमच्या रो-हाऊसची बाजारातली किंमत. त्यातली निम्म्याहून जास्त किंमत जमिनीची आहे, आणि काका, जमीन जळत नाही. वालदेवीला कितीही पाणी आलं तरी प्लॉट वाहून जात नाही. विमा असतो तो बांधकामाचा. घर उद्या पूर्ण पडलं तर त्याच जागी तसंच घर उभं करायला जो खर्च येईल, तेवढीच रक्कम कंपनी देणार. गृह रक्षामध्ये हिशोबाची रीतच ठरलेली आहे: कार्पेट क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, गुणिले पॉलिसी सुरू होताना त्या भागात बांधकामाला येणारा दर. ८५ लाखांवर हप्ता भरला म्हणून ८५ लाख मिळत नाहीत. वरच्या रकमेचा हप्ता नुसता गेला.

तुमच्या ओळखीच्या इंजिनिअरने २,२०० रुपये फुटाचा दर सांगितला, असं तुम्ही कागदाच्या खालच्या कोपऱ्यात लिहिलं आहे. हा दर १३०० फूट बांधकामावर आहे. म्हणजे २८ लाख ६० हजार. कार्पेटवर आणला तर फुटाला २,६०० पडतात. इथे पुष्कळांची गफलत होते: बिल्ट-अपचा दर तसाच उचलून कार्पेटला लावतात आणि भिंतींची जाडी हिशोबातून पडते. एजंटचे २० लाख कुठून आले, ते मला दिसतंय असं वाटतं. ११०० गुणिले १,८०० आणि वरचं गोल केलं. १,८०० चा दर त्यांच्याकडे बहुधा काही वर्षं तसाच पडून असेल.

शिवाय घर म्हणजे चार भिंती नव्हेत. कंपाउंडची भिंत, गेट, पार्किंगची शेड, गच्चीवरची टाकी, सोलरची पॅनेल, सेप्टिक टँक हे सगळं या पॉलिसीत ‘घर’ म्हणूनच मोजतात, पण त्याचा खर्च कागदावर मांडलेला हवा. तुमच्या यादीप्रमाणे मी त्याचे २ लाख ४० हजार धरते. झाले ३१ लाख. तुमच्या घराचा खरा आकडा हा.

आता दर लाखाला काढू. बँक ५९ रुपये. एजंट ५३ रुपये १० पैसे. ऑनलाइनचे तीन वर्षांचे पैसे वर्षावर आणले तर १,४१६, म्हणजे लाखाला ४७ रुपये २० पैसे. तिघांनाही ३१ लाखांवर आणा: १,८२९, १,६४६ आणि १,४६३. सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त यांच्यात वर्षाला ३६६ रुपयांचा फरक उरला. दिवसाला एक रुपया! ज्याला तुम्ही सगळ्यात स्वस्त म्हणत होतात तो मधला निघाला, तो भाग वेगळा. (घराच्या विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला नाही बरं का. २०२५ च्या सप्टेंबरात वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा गेला. ‘विम्यावरचा टॅक्स गेला’ असा मेसेज फिरतो, तो अर्धाच खरा.)

मग २० लाखांचं घेतलं तर बिघडलं काय? जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत बरंच बिघडलं असतं. ३१ च्या जागी २० लाखांचा विमा आणि नुकसान ३ लाखांचं झालं, तर कंपनी त्याच प्रमाणात, म्हणजे १ लाख ९४ हजारांच्या आसपास देऊन मोकळी झाली असती. गृह रक्षामध्ये ही कपात पूर्णपणे काढून टाकली आहे. ३ लाखांचं नुकसान असेल तर ३ लाख मिळतील. पण घरच पडलं, तर २० लाखांवर गाडी थांबेल, आणि ११ लाख तुम्ही पेन्शनमधून उभे करायचे. वर्षाला पाच-सहाशे रुपये वाचवून ती जोखीम मी तरी घेणार नाही.

आता दुसरा मोठा विषय, पूर आणि चोरी. लेकीशी बोलताना इथेच घोटाळा होण्याचा संभव आहे. टेक्सासमधल्या नेहमीच्या घरविम्यात चोरी आत असते आणि पूर बाहेर. पुराचा विमा तिकडे वेगळा काढतात. आपल्याकडे बरोबर उलटं. गृह रक्षामध्ये आग, वीज, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं मूळ पॉलिसीतच आहे. चोरी मात्र एवढीच, की यांपैकी काही घडलं आणि त्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली. म्हणजे पुरात घर सोडावं लागलं आणि मागे कोणी टीव्ही नेला, तर मिळेल. तुम्ही चार दिवस लग्नाला गेलात आणि कुलूप तोडलं, तर नाही. गल्लीतल्या दोन घरफोड्यांनी तुमची झोप उडाली असेल तर घरफोडीचं कलम वेगळं मागून घ्या. तिघांनाही तेच विचारा, आणि घर बंद असताना किती दिवसांपर्यंत ते लागू राहतं हेही लेखी घ्या. तुम्ही लेकीकडे तीन-तीन महिने जाता, म्हणून सांगते. कुलूप किंवा खिडकी फोडल्याची खूण आणि पोलिसांची फिर्याद, या दोन गोष्टींशिवाय घरफोडीचा दावा पुढे सरकत नाही.

पुराचं म्हणाल, तर नाशिककराला ते सांगायला नको. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावर गावाचा पूर मोजणारी आपण माणसं. १९६९, २००८, २०१६, २०१९, आकडे पाठ असतात. पण गोदेच्या पुराचे फोटो सगळे काढतात. वालदेवी आणि नासर्डी घरात शिरतात तेव्हा बातमी चार ओळींची येते. तुमचं घर निळ्या पूररेषेच्या (ही नदीला जवळची, लाल तिच्या पलीकडची) आत आहे का, लाल आणि निळ्याच्या मध्ये, की बाहेर, हे महापालिकेच्या नकाशावर पाहून घ्या आणि प्रपोजल फॉर्ममध्ये जे असेल तेच लिहा. २०१९ ला पायरीला पाणी लागलं होतं, हेही. एजंट म्हणेल, “कशाला काका, उगीच दर वाढेल.” वाढू द्या. दाव्याच्या वेळी कंपनीने तीच लपवलेली ओळ काढली तर एजंट फोन उचलणार नाही.

एक सूचना मात्र इथेच. स्लॅब पाझरतोय, भिंतीला ओल आली, प्लास्टर फुगलं, याचे पैसे कुठलीच कंपनी देत नाही. पाइप अचानक फुटून घर भिजलं तर मिळतात. वर्षानुवर्षांची गळती ही देखभालीची बाब. जुन्या नाशकात दर पावसाळ्यात एखादा वाडा बसतो, तेव्हा भाडेकरू आणि मालक दोघंही ‘विमा काढला असता तर’ म्हणतात. जीर्ण झालं म्हणून पडलं, तर काढलेला असूनही फार उपयोग झाला नसता. भूकंपाचंही सांगून टाकते: धोक्याच्या जुन्या नकाशात नाशिक तिसऱ्या झोनमध्ये आहे आणि पेठ-सुरगाण्याकडचे सौम्य धक्के आपल्या ‘मेरी’ या अभियांत्रिकी संशोधन संस्थेतल्या यंत्रावर उमटतात. तो धोका पॉलिसीत आहेच, वेगळे पैसे द्यायला नकोत.

सामानासाठीही वेगळं काही करावं लागणार नाही. इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, घरातलं सामान आपोआप धरलं जातं. तुमच्या बाबतीत ६ लाख २० हजार. फ्रिज, कपाटं, पलंग, मिक्सर सगळं मिळून त्यात बसेल. रोकड आणि गाडी त्यात नाहीत. काकूंचे दागिनेही नाहीत. त्यासाठी मौल्यवान वस्तूंचं जादा कलम आहे. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एकेक नग १ लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. पण आजच्या भावात दोन तोळ्यांची पाटलीसुद्धा लाखाच्या पुढे जाते, तेव्हा सराफाकडून दाखला करूनच घ्या. दागिने लॉकरमध्ये असतील तर या कलमाच्या फंदात पडू नका, असं माझं मत.

कंपनी चांगली कोणती? यावर मी नाव घेणार नाही. संकोच म्हणून नव्हे. एका नावाने उत्तर होत नाही म्हणून. लोक दावे मंजूर केल्याची टक्केवारी पाहतात. ती आकडेवारी अख्ख्या कंपनीची असते, आणि तिच्यात गाड्या आणि हॉस्पिटलची बिलं यांचाच भरणा असतो. घराचे दावे त्यात मिठाएवढे. त्यावरून विहितगावातल्या पुराच्या दाव्याचं काय होईल हे कळत नाही. त्यापेक्षा तीन गोष्टी विचारा. नाशकात तुमचं कार्यालय आहे का आणि दाव्याचे कागद तिथे घेतात का? पूर आल्यावर सर्व्हेयर, म्हणजे नुकसान पाहून मोजणारा माणूस, नाशिकचा येतो की मुंबई-पुण्याहून? आणि विहितगाव, देवळालीगाव, चेहेडीकडे मागच्या पुरात दावे निकाली काढले आहेत का? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण गडबडतात. जो नीट उत्तर देईल, त्याच्याकडे दिवसाला एक रुपया जास्त गेला तरी चालेल.

बँकेचं. मुलाला सांगा, घर तारण असेपर्यंत विमा हवा अशी अट बँक घालू शकते. तो आमच्याकडच्याच कंपनीचा हवा, अशी सक्ती करता येत नाही. दुसरीकडून घ्या, पॉलिसीवर बँकेचा हक्क नोंदवा आणि प्रत शाखेत द्या. आणि कर्ज घेताना बँकेने ‘इन्शुरन्स’ म्हणून एकरकमी जे पैसे कापले होते, तो कागद काढून पाहा. पुष्कळ घरांत तो घराचा विमा नसतोच; कर्जदार गेला तर कर्ज फिटावं म्हणून काढलेला त्याचा आयुर्विमा असतो. घरचे मात्र समजतात, घर सुरक्षित आहे.

मी तुमच्या जागी असते तर ऑनलाइनवाल्यांकडून ३१ लाखांचं, घरफोडीच्या कलमासह, नवं कोटेशन मागवलं असतं, आणि एजंटलाही तेच आकडे देऊन तीन वर्षांचा दर विचारला असता. अनेक वर्षांच्या पॉलिसीत इमारतीची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, त्याचे जादा पैसे नाहीत. सिमेंट आणि मजुरी ज्या वेगाने चढते ते पाहता हे हलकं नाही. उद्या मन बदललं तर मधेच रद्द करून उरलेल्या काळाचे पैसे परत घेता येतात. दोघांचे दर जवळपास आले, तर एजंटकडे झुकेन मी. माणूस नाशिकरोडचा आहे, संध्याकाळी त्याच्या दुकानात जाऊन बसता येतं.

दाव्याचं आत्ता बोलू नये म्हणतात, तरी बोलते. २०१९ च्या ऑगस्टात माझ्या मावशीच्या घरात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर मावशीने एका दुपारीत घर लख्ख केलं. गाद्या, चिखल लागलेलं कपाट, बंद पडलेलं वॉशिंग मशीन सगळं भंगारवाल्याला दिलं. सर्व्हेयर आला तेव्हा घर इतकं स्वच्छ होतं की त्याने विचारलं, नुकसान कुठलं? दावा अडकला सात महिने, आणि मिळाले ते निम्मे. कंपनीला शिव्या देत होते मी तेव्हा, पण अर्धी चूक आमची होती. म्हणून, पावसाळ्याआधी एकदा मोबाइलवर खोलीखोलीचा व्हिडिओ काढून लेकीला पाठवून ठेवा. पाण्यात मोबाइल गेला तरी तो टेक्सासमध्ये सुखरूप राहील. पूर आला तर आधी कंपनीला कळवा, भिंतीवरची पाण्याची रेघ पुसू नका, तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत घ्या. नियम असा आहे, की कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेयर नेमायचा, १५ दिवसांत त्याचा अहवाल, आणि अहवालानंतर सात दिवसांत निर्णय. हे २०२४ च्या जूनमधलं इर्डाचं परिपत्रक सांगतं. त्यापुढे रेंगाळले तर कंपनीकडे लेखी तक्रार, आणि महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. नाशिक पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतं. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार ते ऐकतात.

राहिल्या सिंहस्थातल्या खोल्या. ही पॉलिसी राहत्या घराची आहे. २०२७ ला पैसे घेऊन भाविकांना उतरवणार असाल तर आधी कंपनीला ईमेलने कळवा आणि उत्तर जपून ठेवा. पाहुणे म्हणून नातलग आले तर काही करायला नको. आणि तेव्हा तुमच्याकडे नातलगच इतके येतील की खोल्या उरतील का, याची मला शंका आहे.

नवं कोटेशन मागवण्याआधी नदीच्या बाजूची कंपाउंड भिंत टेपने मोजा. तुमच्या यादीत एका ठिकाणी पाच फूट लिहिलंय, दुसरीकडे सात.